मुलाखत वृंदा घेणार

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. ते म्हणाले, "शैलक्का, तुम्ही इतकी वर्षं रुग्णसेवा केलीत, त्यावर लिहा. शीर्षकसुद्धा सुचलंय आम्हाला. 'सेवेचा वसा'." मी म्हटलं, "सर, एक तर मी सेवा केलेली नाही. काम केलं आणि त्याचा पगार घेतला. दुसरं, ज्यांच्यासाठी केलं त्यांतले निम्मे रुग्ण नव्हतेच. आणि शीर्षक मी देईन." मग "सरी, सरी, बरं, तुम्ही लिहा तर खरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हणून हे लिहायला बसले आहे. कुणाला गोड वाचायचं असेल त्यांनी फराळाच्या पानाकडे वळावं.

बनशंकरीत एका बेकरीच्या वर दोन खोल्यांत माझी संस्था होती. संस्था म्हणजे एक टेबल, एक लोखंडी पलंग, एक जुनी चाकाची खुर्ची आणि एक लांबट रजिस्टर. ज्यांना स्वतःचं अंग स्वतः हलवता येत नाही अशांच्या घरी अटेंडंट पाठवणं हा माझा धंदा. त्याआधी बरीच वर्षं मी स्वतःच अटेंडंट होते. निपाणीहून लग्न होऊन इथे आले, नवरा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आणि मी एका नर्सिंग होममध्ये आया. तिथून घरोघरी. तारखा विचारू नका, मला त्या आठवत नाहीत. माणसं आठवतात, त्यांचं वजन आठवतं, आणि कोण कुठल्या कुशीवर झोपायचं तेही आठवतं.

अटेंडंट म्हणजे काय हे अजून कित्येकांना कळत नाही. ती नर्स नव्हे, इंजेक्शन देत नाही. ती मोलकरीण नव्हे, तुमच्या घराची फरशी पुसत नाही. एखाद्याचे हातपाय जे करू शकत नाहीत ते त्याच्या सांगण्याप्रमाणे करायचं, एवढंच तिचं काम. उठवणं, आंघोळ, संडास, कपडे, घास, पाणी, पाठ फिरवणं, चादरीची सुरकुती काढणं. ही सुरकुती राहिली तर दोन दिवसांत कातडी लाल होते आणि आठवड्यात जखम होते. पलंगावरून खुर्चीत घेताना जोर हातांनी लावायचा नाही, गुडघ्यांनी लावायचा. हे सगळं महिन्याभरात शिकवता येतं. जे शिकवायला मला आयुष्य गेलं ते वेगळंच आहे.

फोन यायचे ते ऐकून ठेवण्यासारखे असत. "पेशंट पंचावन्न किलोचा आहे, धट्टीकट्टी बाई पाठवा." "आमच्यातलीच हवी, स्वयंपाकघरात जावं लागेल." "मोबाईल न वापरणारी, कमी जेवणारी, जास्त न बोलणारी." मी विचारायची, "ज्यांच्यासाठी हवी त्यांना कशी हवी आहे?" की लगेच, "त्यांना काय विचारायचं?" हे वाक्य मी मराठीत ऐकलं, कन्नडमध्ये ऐकलं, हिंदीत आणि इंग्रजीतही ऐकलं. सगळ्या भाषांत ते तितक्याच सहज म्हटलं जातं.

मी तरी कुठे आधीपासून शहाणी होते? एक निवृत्त इंजिनिअर होते, झटक्याने उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. एका महिन्यात त्यांनी माझी सात माणसं पळवून लावली. डाव्या हाताने फटके मारायचे, पाणी थुंकायचे. घरचे म्हणाले, स्वभावच तसा. मीही मान डोलावली. सातवा माणूस रडत परत आला तेव्हा मी स्वतः गेले. भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्यात या कानापासून त्या कानापर्यंत जाईल अशी मिशी. आणि खाली पलंगावर तोंड गुळगुळीत. सांबार मिशीत अडकतं, भरवायला सोपं जावं म्हणून ती काढायला पहिल्या माणसाला मीच सांगितलं होतं. मी फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "ही हवी?" त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते मी विसरलेले नाही. मिशी वाढली, आठवा माणूस टिकला, चार वर्षं. फटके बंद. मिशी रोज विंचरायला दोन मिनिटं लागायची.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. पहिला, नव्या बाईला चाकाच्या खुर्चीत बसवायचं, हात मांडीखाली, आणि दुसरीने तिला उप्पिट भरवायचं, फोनवर गप्पा मारत मारत. तिसऱ्या चमच्याला खुर्चीतलीचा चेहरा बदलतो. "राग आला?" "आला, अक्का." "सरी. आजचा धडा झाला." दुसरा नियम, हात लावण्याआधी सांगायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. घरचे हसायचे. दुसऱ्या संस्थांचे मालक तर उघड म्हणायचे, ही बाई धंदा बुडवणार. नाही बुडला.

तर असा ताठा घेऊन मी वृंदाच्या घरी गेले आणि तोंडावर आपटले.

वृंदा नागपूरची, वय बत्तीस, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. जन्मापासून मेंदूच्या दुखण्यामुळे हातापायांवर ताबा नाही, दचकली की सगळं अंग ताठतं, आणि बोलणं एकेक शब्द ओढून आणल्यासारखं. डोकं मात्र असं चालतं की समोरच्याने सांभाळून बसावं. उजव्या हाताच्या एका बोटाने ती संगणकावर काम करते. आई तिच्याबरोबर इथे राहायच्या आणि बत्तीस वर्षं सगळं एकटीने करायच्या. मोठा भाऊ निखिल नागपुरात, बायकामुलं तिथेच.

न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर आई घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर बसलं, डॉक्टर म्हणाले, यापुढे उचलाउचल बंद. भाऊ धावत आला, आठवडाभर राहिला, आणि जाताना सांगून गेला की पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिघांची विमानाची तिकिटं काढली आहेत. घर सोडायचं, नोकरीला रामराम, वृंदाने नागपुरात त्याच्या घरी मागच्या खोलीत राहायचं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या रात्रीच वृंदाने नेटवर माझा नंबर शोधला आणि मेसेज टाकला: "मला अटेंडंट हवी आहे. मला म्हणजे मला. तीन आठवडे आहेत."

मी गेले तेव्हा आई एका हाताने तिला वेलचीचं दूध पाजत होत्या. नळीचा पेला, खाली रुमाल. मला म्हणाल्या, "मी सांगते ना तुम्हाले सगळं. सकाळी दूध लागते हिला, गरम. मग अर्ध्या तासानं..."

"आई," वृंदा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मला... अशी... बाई हवी... जी..."

ती थांबली. मान एका बाजूला गेली. मी पाघळले. इतक्या वर्षांचा अनुभव, मऊ आवाजात मी म्हटलं, "प्रेमळ असेल. हो ना?"

"नाही," वृंदा म्हणाली. "जी... वेळेवर... येईल."

आई खुदकन हसल्या. मी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "आणि अक्का," तिने सांगितलं, आणि हे सांगायला तिला चांगलं अर्धं मिनिट लागलं, "माझं वाक्य... मला... संपवू द्या." मिशीवाला नियम करणारी मी, तिच्या तोंडातला शब्द काढून घेत होते. मी माफी मागितली. ती म्हणाली, चालेल, आता मुलाखतीचं बोलू.

बोलता बोलता मी 'दिव्यांग' असा शब्द वापरला, हल्ली तसं म्हणायचं असतं म्हणून. तर म्हणाली, "अपंगच म्हणा. दिव्य... काही... नाहीये." मग मुद्द्यावर आली. मुलाखत ती घेणार. आईने आणि मी खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. आई म्हणाल्या, "का बरं? मला माहीत आहे ना काय काय लागते ते. मी करून राहिली ना इतकी वर्षं." वृंदा फक्त म्हणाली, "म्हणूनच."

माझ्याकडच्या तीन उत्तम बाया मी पाठवल्या. पहिली आत आली, वृंदाला ओलांडून आईंसमोर बसली आणि विचारलं, "इवरिगे... म्हणजे हिला, बोललेलं कळतं काय?" वृंदाने तिला 'नमस्कार' म्हणून रवाना केलं. दुसरी हसतमुख, हात हलका, पण तिला 'पुट्टी, पुट्टी' म्हणून गालाला हात लावला. पुट्टी म्हणजे छकुली. बत्तीस वर्षांच्या, आठ जणांची टीम सांभाळणाऱ्या बाईला. तिसरी चांगली होती हो. पण तिने सांगितलं की ती रोज देवापुढे वृंदाच्या नावाने दिवा लावेल, म्हणजे एक दिवस ती चालायला लागेल. वृंदा म्हणाली, "मला... ऑफिसला... जायचंय. देवळात... नाही."

दोन आठवडे संपत आले. माझा धीर सुटत चालला होता. मी तिला म्हटलं, "वृंदा, थोडं जमवून घे. माणूस शंभर टक्के मनासारखा मिळत नसतो." ती म्हणाली, "जमवून... मी जन्मापासून... घेते आहे." आणि मग, "रजिस्टर... आणा. सगळी नावं."

रजिस्टर मी कुणाला दाखवत नाही. तिला दाखवलं. ती एकेका पानावर थांबत होती, मी पान उलटत होते. एका पानावर तिचं बोट टेकलं. तिथे लाल फुली होती. रेणुका, अथणीची, मराठी आणि कन्नड दोन्ही, अनुभव सहा वर्षं. शेरा: मध्येच सोडून जाते.

"ही... का नाही?"

"काळ्या यादीत आहे," मी म्हटलं. आमच्या धंद्यात मोबाईलवर मालकांचा एक गट असतो. एखादी बाई घर मध्येच सोडून गेली की तिचं नाव फोटोसकट सगळीकडे जातं आणि पुन्हा तिला कुणी काम देत नाही. "एका घरी म्हातारबाबांना दुपारी एकटं टाकून निघून आली. न सांगता."

"का?"

"घरच्यांनी तेवढंच कळवलं."

"तिला... विचारलं... नाही?"

बेकरीच्या वरच्या माझ्या खोलीत 'आधी विचारा' असा मोठा कागद मीच चिकटवला होता. रेणुका माझ्याकडे तीनदा येऊन गेली होती आणि तीनदा मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

रेणुका के. आर. पुरमला बहिणीकडे राहत होती आणि एका गारमेंट फॅक्टरीत बटणं लावत होती. वृंदाने बोलावलंय असा मी निरोप दिला, तेव्हा मॅजेस्टिक स्टेशनला मेट्रो बदलून ती आली. अंगाने किरकोळ, वेणी घट्ट, माझ्याकडे बघायलाही तयार नाही. वृंदासमोर खुर्ची ओढली आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वृंदाने पहिलाच प्रश्न तो विचारला. "ते घर... का... सोडलंस?"

रेणुकाने पुरं वाक्य होऊ दिलं. मग म्हणाली, "पाहुणे येणार हुते. आजोबा नाकातली नळी ओढत्यात म्हणून त्यांचं हात ओढणीनं पलंगाला बांध म्हटलं बाईसायबांनी. मला न्हाई जमलं. मग त्यांनीच बांधलं. मी सोडायला गेल्यावर माझ्या थोबाडीत मारली. तसंच चप्पल घालून बाहेर पडले बघा."

"कुणाला... सांगितलंस?"

"कुणी विचारलंच न्हाई की, अक्का." पहिल्यांदा ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. तिला ते नेहमीचंच होतं.

मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं. त्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले, हे सांगून टाकते. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, आजोबा वारले, मंडळी घर विकून गेली. ती लाल फुली अजून माझ्या छातीवर आहे, आणि ती तिथेच राहावी असं मला वाटतं. गटावर मी सगळी हकिकत लिहिली आणि म्हटलं, यादी करायचीच तर घरांचीही करू. दोघे मालक गट सोडून गेले. खुशाल जा म्हटलं.

वृंदाचा दुसरा प्रश्न असा होता. "मला... खोकला आहे. मला... चाट खायचंय. आई... नको म्हणते. तू... काय करशील?"

आई पुढे सरसावल्या, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रेणुकाने विचार केला. "खोकला वाढंल म्हणून सांगणार. एकदा. मग तुमची शाल घेणार आणि चप्पल घालून दारात उभी राहणार."

"दोनदा... नाही... सांगणार?"

"तुमास्नी ऐकू येतंय की."

वृंदा हसली की तिचं सगळं अंग हसतं, खुर्चीसकट. मग तिने विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का. रेणुकाच्या अटी होत्या दोन. रविवारी सुटी, आणि स्वयंपाकघरात जमिनीवर झोपणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. माझ्यासमोर आजवर कितीतरी माणसं कामाला लागली असतील, पण दोन्ही बाजूंनी मुलाखत घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी पडल्या दोघी. पलंगावरून खुर्चीत जाताना वृंदा स्वतः मोजते, एक, दोन, तीन, आणि तीनला उचलायचं. तिचे एक आणि दोन लांब असतात. रेणुकाला वाटलं तीन आलंच, तिने दोनलाच उचललं, वृंदाचं अंग ताठलं आणि दोघी जमिनीवर. कुणाला लागलं नाही. पण आईंनी किंकाळी फोडली आणि पहिला फोन नागपूरला केला, दुसरा मला. मी पोचले तेव्हा दोघी फरशीवरच भिंतीला टेकून बसलेल्या. वृंदा रेणुकाला मोजायला शिकवत होती. "ए...क. थांब. दो...न. थांब." रेणुका श्वास धरून थांबत होती. मी मदत करायला वाकले तर दोघी एकदमच म्हणाल्या, नको. अकराव्या वेळेला त्या उठल्या. मी नुसती बघत उभी होते, आणि हात आवरणं किती अवघड असतं ते मला या वयात कळलं.

शनिवारी निखिल आला तो तयारीनेच. माझ्याकडून नव्हे, दुसऱ्याच कुठून तरी त्याला ती काळी यादी मिळाली होती. मोबाईल माझ्यासमोर धरला. रेणुकाचा फोटो, खाली ताकीद. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. खोटं आहे ते."

"आणि त्या दिवशी हिला पाडलं, तेही खोटं?"

"ते खरं आहे," मी म्हटलं. "तुमच्या आईही पडल्या होत्या. त्यांना कुणी काळ्या यादीत टाकलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. मला माझ्याच बोलण्याचं वाईट वाटलं, पण मागे घेतलं नाही. तो बहिणीसमोर गुडघ्यावर बसला. "वृंदा, ऐक ना. बाबा गेले, आई थकली. इथे परक्या शहरात, परक्या बाईच्या भरवशावर तुला टाकून मी तिकडे झोपू कसा? हिच्या हातून काही झालं तर? जबाबदारी कोणाची? सांग ना, कोणाची?"

वृंदाचं तोंड उघडलं. शब्द येईना. चिडली की तिचं अंग आणखी ताठतं आणि जीभ आणखी अडते. खोलीत आम्ही पाच जण. आई म्हणाल्या, "ती म्हणून राहिली की..." आणि स्वतःच थांबल्या. निखिलने "माझी, हो ना, जबाबदारी माझी" असं सुरू केलं, तर रेणुका त्याला म्हणाली, "अण्णा, स्वल्प थांबा. बोलत्यात त्या." कामावर येऊन सहावा दिवस. मालकिणीच्या भावाला. मी मनात तिला नमस्कार केला.

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, शेजारच्या घरातून कुकरची एक शिट्टी आली, मग दुसरी. मला चारदा ते वाक्य पुरं करावंसं वाटलं आणि चारही वेळा माझं चुकलं असतं.

"दादा," वृंदा म्हणाली. "काही... झालं... तर... मला... होईल. तुला... फोन... करीन."

निखिल तसाच गुडघ्यावर बसून राहिला. मग त्याने कपाळ तिच्या खुर्चीच्या हाताला टेकवलं आणि रडला. वृंदाने तिचं ते एक बोट त्याच्या केसांवर ठेवलं, ते घसरत होतं, तिने पुन्हा ठेवलं. बराच वेळ गेल्यावर तो उठला, डोळे पुसले आणि रेणुकाला विचारलं, "तुमचा नंबर द्याल?" रेणुकाने वृंदाकडे बघितलं. वृंदाने मान हलवली. मगच तिने दिला.

तीन तिकिटांपैकी एक रद्द झालं. आई जाणार होत्या, प्लास्टर निघेपर्यंत तरी मुलाकडे विश्रांती. निघताना त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून रेणुकाला सूचना देत होत्या. उशी कोणती, टॉवेल कोणता, कुठल्या कुशीवर किती वेळ. "आणि सकाळी उठल्याबरोबर दूध. वेलची घालून. त्याच्याशिवाय हिचा दिवस सुरू होत नाही."

रेणुका वृंदाच्या खुर्चीपाशी वाकली. "वृंदाक्का, सकाळी दूध घेता न्हवं?"

"नको," वृंदा म्हणाली. "कॉफी. कडक. डिकॉक्शन... जास्त."

आई वळल्या. "काय म्हटलं?"

"दूध... मला... कधीच... आवडलं नाही."

"बत्तीस वर्षं पाजून राहिली मी तुले," आई म्हणाल्या. "बोलली का नाही मग?"

आई भिंतीला धरून उभ्या होत्या. मला वाटलं आता या कोसळतात, सगळं पुन्हा पहिल्यापासून. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता आणि निखिल जिन्यातून हाका मारत होता. आईंनी खांद्यावरची पर्स काढून ओट्यावर ठेवली. एका हाताने गॅस लावला, कॉफीसाठी पातेलं ठेवलं. रेणुका पुढे झाली तशी तिला नजरेनेच मागे सारलं. मग वळून मुलीकडे बघितलं.

"साखर किती घालू?" त्यांनी विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. हॉर्न पुन्हा वाजला. आई थांबल्या.